बटन कोणी दाबलं?

माझे वडील कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवून त्याची तब्येत सांगायचे. "आज तापलाय गो, जरा दम खाऊ दे त्याला." मला भयंकर राग यायचा. जन्मभर गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, ह्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, कप्पाळ! पण साळखात्यात, म्हणजे गिरणीत जिथे कापड विणतात तिथे, साचा बिघडायच्या आधी हाताला कळतो म्हणे. संपात गिरणी बंद पडली ती ह्यांच्यासाठी पुन्हा काही उघडली नाही. हाताची खोड तेवढी राहिली.

कॉम्प्युटर माझा होता. करी रोडच्या आमच्या चाळीत, कपाट आणि मोरी ह्यांच्या मधल्या जागेत मी तो बसवला होता आणि त्यावर लोकांचे अर्ज, बायोडेटा, गणपती मंडळाची पत्रकं टाइप करून द्यायचे. ठाकूरद्वारच्या एका मेकॅनिकने जुने भाग जमवून तो जोडला आणि आत कुठलीशी फुकटची, पेंग्विनच्या चित्राची सिस्टम घातली. मेकॅनिक बडबड्या होता, पण कामाला पक्का.

मग वडील विसरायला लागले. आधी दुधाची पिशवी, मग छत्री, मग स्वतःचा मजला. एकदा वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या खोलीत शिरून खुशाल पलंगावर बसले आणि चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. वडिलांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर चपला काढता काढता मला म्हणाले, "बाय, आमचं खातं लिहून घे."

"कसलं खातं?"

"साळखातं. कोण कुठल्या साच्यावर उभा असायचा ते. संपानंतर कोण कुठे गेला कोणाला ठाऊक? चिमणी पाडली, आता तिथे टॉवर. माझ्या डोक्यातून गेले की सगळे गेले."

बसून त्यांना आठवायचं नाही. रोज सकाळी ते उभे राहायचे आणि दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून दारापर्यंत, साच्यांच्या ओळीतून चालल्यासारखे चालायचे. खात्यात आवाज असा की कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथे प्रत्येक माणसाला हाताची एक खूण होती. त्याने कधीतरी काहीतरी केलेलं असायचं, त्यावरून ती पडायची, आणि एकदा पडली की मरेपर्यंत सुटायची नाही. एकाचा पहिल्याच दिवशी डबा सांडला, त्याची खूण पालथी ओंजळ. पुढे तो मुकादम झाला, सगळे त्याला टरकायचे, पण खूण पालथी ओंजळच. वडील आधी खूण करायचे, मग तिच्यामागून नाव यायचं, मग गाव, मग संपानंतर काय झालं ते. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला, कोणी गावी जाऊन काजूची झाडं राखली, एकाने विहीर जवळ केली.

आणि मी? जांभया देत टाइप करायचे. "पुढे," म्हणायचे. "हा झाला कालच. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"नाही, म्हणूनच तर लिहितोय ना गो," असं म्हणून ते हसायचे.

तीन आठवड्यांनी साच्यांची शेवटची ओळ आली. दोन-तीन माणसं राहिली होती. मी फाइल सेव्ह करायला गेले आणि सगळं थिजलं. बाण जागच्या जागी. कोपऱ्यातलं घड्याळ अकरा वीसवर. कीबोर्डवरचा दिवा लागेना की विझेना. काहीही दाबा, ढिम्म.

वडिलांनी डब्यावर तळवा ठेवला. "चालू आहे," ते म्हणाले. "आत चालू आहे."

मी मेकॅनिकला फोन लावला. त्याने तीन बटनं एकदम दाबायला सांगितली. दाबली. काही नाही. मग त्याने विचारलं, "डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय."

"मग मशीन जिवंत आहे, मॅडम. फक्त पडदा आणि कीबोर्ड अडकलाय. आत ते अजून लिहीत असेल, तेव्हा वायर खेचू नका. कळलं ना? अजिबात नाही. मी तीन वाजता माझं मशीन घेऊन येतो, तारेने जोडतो, मागच्या दाराने आत शिरतो आणि जे अडकलंय तेवढंच बंद करतो. दोन मिनिटांचं काम आहे."

पण मंडळाचं पत्रक एक वाजता द्यायचं होतं. मंडळाचा कार्यकर्ता दोनदा दारात येऊन "ताई, झालं का?" करून गेला होता. आणि वडील तळवा काढायला तयार नव्हते. "तीनपर्यंत थांबू गो. तो बोलला ना? आम्ही साचा अडकला की आधी..."

"आम्ही साचा, आम्ही साचा!" माझं डोकंच फिरलं. "थांबून काय झालं तुमचं? आज उघडेल, उद्या उघडेल करत आयुष्यभर थांबलात. आईने लोकांच्या चपात्या लाटल्या म्हणून आम्ही जगलो. तुम्ही नुसते थांबलात!"

त्यांचा तळवा डब्यावरच होता. मी खाली वाकले, भिंतीतली वायर मुठीत धरली आणि त्यांच्याकडे बघत खेचली. चुकून नाही, घाईत नाही. त्यांना लागावं म्हणून खेचली.

डब्यातला पंखा गप्प झाल्यावर त्यांनी हात काढला.

मशीन पुन्हा सुरू केलं तर सगळं जागेवर होतं. बायोडेटे होते, अर्ज होते, मंडळाचं पत्रकही होतं. वडिलांची फाइलसुद्धा होती. उघडली तर आत चौकोन. पानंच्या पानं नुसते रिकामे चौकोन. दुसरी प्रत काढलेली नव्हती. मंडळाच्या पत्रकाची तेवढी काढली होती.

तीन वाजता मेकॅनिक आला, खूप खटपट केली आणि मान हलवली. तेवढ्यात आई कामावरून आली आणि तिने विचारलं, काय झालं? माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाबांनी कुठलंतरी बटन दाबलं."

इतकं सहज निघालं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

वडिलांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "मी?"

"मग कोण? विसरलात?"

आमच्या घरात तेव्हा 'विसरलात?' म्हटलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नसे. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, नाही त्या गोष्टीला कशाला हात लावता!" मेकॅनिकने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्याला कळलं असावं, आणि तो आपली वायर गुंडाळून निघून गेला.

चाळीत गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? पाण्याचा पंप बंद पडला, "काका, बटन कोणी दाबलं?" दिवे गेले, "काका, तुम्ही तर नाही ना?" काका हसायचे आणि हात पाठीमागे घ्यायचे. हळूहळू त्यांनी कशालाच हात लावणं सोडलं. भर उन्हाळ्यात एकटे असले की घामाने निथळत बसायचे, पण पंख्याचं बटन दाबायचे नाहीत. कोणीतरी यायची वाट बघायचे. मी यायचे, पंखा लावायचे, आणि वर म्हणायचे, "एवढंसुद्धा जमत नाही?" खरं सांगायची वेळ दिवसातून दहा वेळा यायची. मी दहाही वेळा घालवली. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर खोटं सोयीचंही झालं होतं.

महिन्याभराने मी त्यांना पुन्हा उभं केलं. म्हटलं, चला, परत सांगा. ते दारापासून पलंगापर्यंत चालले. पालथी ओंजळ केली, थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. नाव येईना. मग दुसरी खूण. तिसरी. हातांना सगळे आठवत होते, तोंडाला एकही येत नव्हता. ते माझ्याकडे अशा आशेने बघत होते की मी सांगेन. बरोबरच होतं. त्यातलं प्रत्येक नाव माझ्या बोटांनी टाइप केलं होतं. मला एकही आठवेना.

आता मी एका ऑफिसात त्या मेकॅनिकचंच काम करते. त्या गिरणीच्या जागेवरच्याच टॉवरमध्ये, तेराव्या मजल्यावर. कोणाचा कॉम्प्युटर थिजला की मी माझ्या खुर्चीतूनच तारेने त्याच्या आत शिरते, अडकलेला प्रोग्राम शोधते आणि तेवढाच बंद करते. बाकी सगळं शाबूत राहतं. नवीन लागलेल्यांना मी ओरडून सांगते की वायरला हात लावाल तर याद राखा. दोन मिनिटं लागतात. कधी दीड.

शेवटच्या वर्षी वडिलांचं बोलणं गेलं. खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायचे. आई रोज परीक्षा घ्यायची, हे काय, ते काय, मी कोण? एका रविवारी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "आणि ही कोण? ओळखलंत का?"

ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग हात उचलला. मूठ वळली आणि भिंतीतून काहीतरी उपटावं तशी झटक्यात स्वतःकडे खेचली. एकदाच. चेहऱ्यावर राग नव्हता. खात्यातल्या सगळ्यांची करायचे तशीच माझी खूण केली आणि हात पुन्हा चादरीवर ठेवला.

"काय हवंय ह्यांना?" आई म्हणाली. "पडदा ओढायला सांगतायत वाटतं. ऊन येतंय ना डोळ्यांवर?"

"हो," मी म्हणाले. वाटी खाली ठेवली, उठले आणि पडदा ओढला.