यॉर्कच्या दारात काढलेले बूट

माझ्यावर कृपा झाली ती इंग्लंडातल्या यॉर्क शहरी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तीन वाजता. त्या वेळी माझ्या पायांत बूट नव्हते, आणि कृपेपेक्षा मला बुटांची गरज जास्त होती.

आमच्या परतूरच्या घरात कृपा हा शब्द छप्पन्न सालापासून वापरात नव्हता. त्या वर्षी आम्ही धम्म स्वीकारला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देव्हारा रिकामा करून त्यात शाळेच्या वह्या ठेवल्या. ते प्राथमिक शिक्षक. देवाविरुद्धचा त्यांचा आवडता मुद्दा तत्त्वज्ञानातला नव्हता, चपलांचा होता. देवळाबाहेरून कुणाच्या चपला गेल्या की ते ओट्यावरून हटकून विचारत, "ज्याला दारातल्या चपला सांभाळता येत न्हाईत, तो तुमचा संसार काय सांभाळणार?" चपला गेलेला माणूस तापल्या रस्त्यानं घरची वाट धरी. अनवाणी माणूस वादात जरा कमीच पडतो. आमच्या पत्र्याच्या विहाराबाहेर मात्र चपलांची रांग तशीच्या तशी असे. त्याचं श्रेय अण्णा धम्माला देत, आई चपलांच्या वयाला.

सत्तरच्या दशकात मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी लीड्सला गेलो. परतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या बघत वाढलेला मी, कापसाचं सूत कसं होतं ते शिकायला जिथं कापसाचं बोंडसुद्धा पिकत नाही अशा गावी राहिलो. पहिल्या सहा महिन्यांत मला एक गोष्ट समजली, की एकटेपणा म्हणजे आसपास माणसं नसणं नव्हे. माणसं पुष्कळ होती आणि सगळी सभ्य होती. घरमालकीण रोज हवेबद्दल बोलायची, मीही हवेबद्दल उत्तर द्यायचो. मराठी कानावर पडावी म्हणून मी संध्याकाळी घरची जुनी पत्रं मोठ्यानं वाचत असे, आणि भिंतीपलीकडच्या भाडेकरूला वाटे की मी प्रार्थना करतो.

त्या शनिवारच्या आधी, बुधवारी अण्णांचं पत्र आलं. आईच्या पोटात गाठ निघाली होती. शनिवारी सकाळी औरंगाबादच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. गाठ कसली आहे ते उघडल्यावरच कळणार होतं. काही वाईट झालं तरच तार करीन, एरवी सावकाश पत्र लिहीन, असं त्यांनी कळवलं होतं. अण्णा पत्र शुद्ध भाषेत लिहीत, पण शेवटचं वाक्य त्यांनी आईच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवलं होतं: "त्या दिशी खोलीत यकटा बसू नको. माणसांत जा."

माणसांत जायचं तर कुठल्या, हा प्रश्न होता. शनिवारी उठलो तेव्हा आपल्याकडे दुपार झालेली होती. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, फक्त मला कळायचं राहिलं होतं. दाराखालून तार सरकण्याच्या आत बाहेर पडावं म्हणून मी यॉर्कची बस धरली. जुनं शहर आहे, बघायला गर्दी असते, एवढंच ऐकून होतो.

गर्दी होती. शहराच्या जुन्या तटावरून चालणारी जोडपी होती, अरुंद गल्ल्यांतून केक खात फिरणारी कुटुंबं होती. बर्फाचं पाणी पडत होतं आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ उकललेला होता. दोन तास मी माणसांत फिरलो आणि एकाशीही बोललो नाही. शेवटी थंडीनं तिथल्या प्रचंड चर्चमध्ये ढकललं.

आणि दारात शिरताच मी खाली वाकून बूट काढले. विचार करून काढले नाहीत, हातांनीच काढले. दगडी फरशी, उंच छत आणि शांतता असली की पाय मोकळे करायचे, हे लहानपणी अंगात मुरलेलं. भिंतीशी जोडीनं नीट लावून चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, की बाकी सगळे बुटांनिशी टकटक चालताहेत. परत जाऊन घालण्याची लाज वाटली, म्हणून ओल्या मोज्यांनी तसाच पुढे गेलो. आत मोठमोठे धर्माधिकारी आपापल्या थडग्यांवर दगडी हात जोडून पडले होते. हयातभर हुकूम सोडलेली माणसं इतकी नम्र झालेली पाहून बरं वाटलं. अर्ध्या तासानं दाराशी आलो तर बूट नव्हते.

मला पहिल्यांदा अण्णांचा आवाज ऐकू आला. मग पायांतून कळ चढली आणि मी जवळच्या बाकावर बसलो. बाहेर बर्फाचं पाणी, बस सुटायला दोन तास, खोलीत कदाचित तार. जाता येत नव्हतं, आणि जाऊन काही करता येणार नव्हतं. आई हजारो मैलांवर आणि मी अनवाणी. रोज सकाळी त्रिशरण म्हणत आलो होतो, पण शरण जाणं म्हणजे नेमकं काय असेल, असं मनात कधी आलं नव्हतं. त्या बाकावर माझ्या सगळ्या युक्त्या संपल्या आणि मी नुसता बसून राहिलो.

मग एक म्हातारी आली. अंगावर एप्रन, हातात फुलं कापायची कात्री. तिकडे अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात. मला ते अजून अंगवळणी पडलं नव्हतं, त्यामुळे मी मागं कोण आहे ते पाहिलं.

"ते बूट तुझेच ना, लव्ह? पाण्यानं भरले होते. आत कागद कोंबून बॉयलरशी ठेवलेत. तासभर लागेल."

एवढं बोलून ती शेजारी बसली. माझ्या मोज्यांकडे पाहिलं, फ्लास्कमधला चहा दिला आणि विचारलं, "कुणासाठी आलास?" थंडीसाठी, असं म्हणणार होतो. तोंडातून निघालं, आईसाठी. मग मी सगळं सांगितलं, गाठ, शनिवार, तार. सहा महिन्यांत हवा सोडून मी पहिल्यांदाच काही बोलत होतो. तिनं धीर दिला नाही, की सगळं ठीक होईल असंही म्हणाली नाही. आईचं नाव विचारलं आणि एका चिठ्ठीवर माझ्याकडून अक्षरं विचारून विचारून लिहिलं. कोपऱ्यात आजारी माणसांच्या नावांचा फलक होता. तिथं मार्गारेट आणि आर्थर यांच्या खाली तिनं टाचणीनं लावलं: गयाबाई.

आई माणसांत गेली होती. तेव्हा मला रडू आलं, आणि घड्याळात तीन वाजले होते.

बूट कोरडे आणि गरम मिळाले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याची खंत आजही आहे. खोलीवर आलो तर दाराखाली तार नव्हती. आई पुढं सोळा वर्षं जगली. आभार कुणाचे मानायचे ते मला नक्की सांगता येत नाही, पण मानल्याशिवाय राहवत नाही. आपल्या हातात काही उरलं नाही की कुणीतरी आपले बूट वाळवत असतं, एवढं मी तेव्हापासून धरून चालतो.

दोन आठवड्यांनी अण्णांचं पत्र आलं. ऑपरेशन शनिवारी झालंच नव्हतं. डॉक्टर लग्नाला गेल्यामुळे ते मंगळवारी झालं, आणि गाठ साधी निघाली. शनिवार मोकळा मिळाला म्हणून आईनं हट्ट धरला आणि ती दोघं औरंगाबादची बुद्धलेणी पाहून आली. आई मूर्तीपुढं बराच वेळ डोळे मिटून बसली होती, असं अण्णांनी लिहिलं होतं. बाहेर आली तर तिच्या चपला गेल्या होत्या.