धनिणीचा पहिला मासा

…तर कंडक्टर धोंडबाच्या टोपलीवर वाकला. काल आपण इथंच थांबलो होतो, नाही का? एकाहत्तरचा उन्हाळा, मौद्याहून नागपूरला निघालेली बस. मी इतवारीला भांडी आणायला चाललेलो, शेजारी आमच्या घाटावरचा धोंडबा ढिवर. मांडीवर टोपली, टोपलीवर ओलं लुगडं.

"काय हाय गा यात?"

"पोरगी हाय. बिमार हाय."

"मंग टोपलीत काहून?"

"सीटवर बसवली असती, पण मिशा हायेत तिले. लोकं हासतीन."

अख्खी बस हसली. तेवढ्यात लुगडं हललं आणि पाणमांजराचं चपटं तोंड बाहेर आलं. ते तोंड सारखं थरथरत होतं, थंडी भरल्यासारखं. मग कुणी हसलं नाही.

आता हा धोंडबा कोण, ते ऐका. कन्हान नदीच्या आमच्या डोहावर त्याच्या आज्यापासूनचं जाळं. त्यांच्या घरची एक रीत होती. जाळ्यात आलेला पहिला मासा डोहातल्या काळ्या दगडावर ठेवायचा. तो पाणमांजराचा वाटा. "ते मासोळ्या हाकलते, मी धरतो. मंग तिची मजुरी नाही द्यायची का?" असं त्याचं म्हणणं. नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची बायको भागीरथा एकदा घाटावर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पयला मासा सवतीले, अन् काटे मले!" तेव्हापासून दगडावरच्या मादीचं नाव पडलं धनीण. ती मेली की तिच्या जागी येणारीही धनीणच.

पण कोणतीही धनीण माणूस जवळ असताना मासा उचलत नसे. धोंडबा लांब गेला की सळ्‌कन यायची अन् घेऊन जायची. एकदा तरी तिनं हातचा मासा खावा, एवढी एकच हौस होती त्या माणसाला. दुसऱ्या हौशी करायची ऐपतही नव्हती म्हणा.

मग नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आला, त्याचा नाला कन्हानमध्ये सुटला. पाण्याला उग्र वास येऊ लागला. लोक नाकाला धोतर लावून नदी ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन विसरून जायचे. त्यानंतरच्या हिवाळ्यात धनीण धोंडबाला पाहून पळेनाशी झाली. होळीच्या सुमारास तिनं त्याच्या हातातली मरळ घेतली. काय सांगू, तो नाचत घाटावर आला!

"माणसाळली गा! माह्या आज्याची पुण्याई फळली!"

सगळ्यांना चहा पाजला. आम्ही जत्रेला जावं तसे पाहायला गेलो. ती खरंच त्याच्या पायाशी बसून होती, मागं दोन पिल्लं. तिला शिकार जमेना, तर धोंडबा तिच्यासाठी मोठ्यातली मोठी मरळ निवडायचा. नाल्याच्या तोंडाशी मासे गुंगल्यासारखे व्हायचे, नुसत्या हातानं सापडायचे. हाही त्याला देवाचाच प्रसाद वाटला.

पण पुढं ती एका जागी गोल गोल फिरू लागली. दगडावर चढता चढता घसरायची. एक पिल्लू मरून पाण्यावर आलं. तेव्हा धोंडबानं टोपली काढली.

नागपुरात जनावरांचे डॉक्टर होते, मधुसूदन नावाचे. त्यांनी तिचे डोळे पाहिले, पंजे पाहिले, मग विचारलं, "काय खाऊ घालत होतास?"

धोंडबा ऐटीत म्हणाला, "मरळ, सायेब. घरी भागीरथाले नाही देल्ली अशी मोठी."

"कुठली?"

"नाल्याच्या तोंडाची."

डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, "खात्रीनं सांगायला तपासावं लागेल. पण अशा कारखान्यांत पारा वापरतात. तो बारक्या माशात जातो, बारके खाऊन मोठ्यात साठतो. जितका मासा मोठा, तितका पारा जास्त. तो मेंदू खातो. जपानात एका खाडीकाठी मांजरं अशीच नाचत नाचत समुद्रात पडली. ही माणसाळली नव्हती रे. हिला भ्यायचं कळेनासं झालं होतं."

औषध नव्हतं. धनीण तिथंच, टोपलीत गेली. परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर भेटला. त्यानं टोपलीकडं पाहिलं अन् पुढची जागा मोकळी करून दिली.

धोंडबा कारखान्यावर गेला. फाटकावरचा माणूस म्हणाला, "मांजरीची तक्रार? का, घरी उंदरं झाले का?" आतून निरोप आला, पाणी साफ करूनच सोडतो. धोंडबानं घरात कन्हानचा मासा बंद केला. भागीरथा म्हणाली, "मंग खावं काय? जाळं?" तो दूरच्या तलावावर जाळं घेऊन जाऊ लागला.

राहिलं होतं एक पिल्लू. त्याला पोत्यात घालून धोंडबा नाल्याच्या वर, चांगल्या पाण्यात सोडून आला. पिल्लू परत काळ्या दगडावर. पुन्हा नेलं, पुन्हा आलं. तिथं बसून शीळ घालायचं, मासा मागायचं. तलावातले मासे आणून दिले, तर ते खाऊन वर नाल्याचेही धरायचं. डोह काही सोडेना.

एका सकाळी मी घाटावर गेलो, तर धोंडबा पिल्लाला दगड मारत होता. आणि पिल्लू काय करत होतं? जिथं दगड पडेल तिथं धावत होतं. त्याला वाटायचं मासाच टाकला. दगड हुंगायचं अन् धोंडबाकडं पाहायचं. बाया ओरडत होत्या, "येडा झाला वं, मुक्या जिवाले मारून राह्यला!" धोंडबाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हता. शेवटी एक दगड पिल्लाच्या पाठीवर बसला. ते किंचाळलं, पाण्यात पडलं, आणि बुडबुड्यांची एक रेघ नाल्याच्या वरच्या बाजूला निघाली. ती कुठवर गेली, ते मला दिसलं नाही.

मी त्याचा हात धरला. "धोंडबा, काहून मारतं गा? तुह्याच हातचं खाल्लेलं लेकरू ना ते?"

धोंडबा म्हणाला, "माह्या हातचं खाऊनच मेली ना गा त्याची माय. याले तरी माह्यं भेव वाटू दे. भेलं तं जगन."