सिंधूमावशींना बायबल समजत होतं

सिंधूमावशींना बायबल समजत नाही, असं मी एकदा सगळ्या बायकांसमोर म्हणाले होते.

आज दुपारी त्यांना माती दिली.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घाटंजीजवळच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीतल्या त्या सगळ्यात जुन्या बाई. शेतमजुरी करायच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. पण मोबाईलच्या मेमरी कार्डवर अख्खा नवा करार होता, आणि कापूस वेचताना तो त्यांच्या ओटीत वाजत असायचा.

बाजूची बाई ओरडायची, "बंद कर वं सिंधू, एखादं गानं लाव!"

"थांब वं, मार्कचं पुस्तक संपू दे."

मी एम.ए., बी.एड. हायस्कूलमध्ये शिकवते. म्हणून रविवारी उपासनेनंतर बायकांचा बायबल अभ्यास माझ्याकडे. नोट्स काढून जायचे.

त्या दिवशी येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट, म्हणजे दाखला, होता. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. मी विचारलं, "यातून आपण काय शिकतो?"

मावशी म्हणाल्या, "मॅडम, तो मानूस मुठीनं फेकत गेला वाट्टे. आमी त एकएक सरकी बोटानं टोबतो. वाटेवर कशी पडन?"

बायका हसल्या. मीही हसले.

"आन जिथं नाई उगवलं, तिथं आठ-दहा दिसानं जाऊन पुन्हा टोबतो. नांग्या भरतो. त्यानं बी भरल्या असतीन. येशू काई तसाच सोडून देनारा नाई."

मी म्हणाले, "मावशी, तसं लिहिलेलं नाही. बायबलमध्ये आपल्या मनाचं घालायचं नसतं. तुम्हाला हा दाखला समजलाच नाही."

त्यांच्या शेजारी बसलेली कमला हळूच म्हणाली, "आपल्याले काय समजते मॅडम. तुमीच सांगा."

मी सांगितलं. चार प्रकारची जमीन, चार प्रकारची मनं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी रोज डायरी लिहिते. आज ते पान शोधून काढलं. त्या दिवशी मी लिहिलंय, "अभ्यास चांगला झाला."

त्यानंतर काहीही विचारलं की मावशी म्हणायच्या, "मॅडम सांगतीन." कमलाही तेच. हळूहळू सगळ्याच.

मी समजत होते, बायका शिस्तीत ऐकताहेत.

मग माझी आई गेली. चार महिने प्रार्थना केली होती, तरी गेली. मी मंडळीत जाणं बंद केलं. बायबल कपाटात ठेवलं. ग्रुपवर वचनं यायची, मी न वाचता डिलीट करायचे. पास्टरांचा फोन दोनदा आला.

मावशी मात्र दर रविवारी उपासना झाली की थेट माझ्या घरी. डब्यात भाकर आणि अंबाडीची भाजी. बायबलचा शब्द नाही. "जेवली का?" एवढंच. मग माझ्याकडची भांडी घासून, मी नको म्हणत असताना, जायच्या.

सहाव्या का सातव्या रविवारी मी जरा चिडूनच विचारलं, "मावशी, इतक्या उन्हात कशाला येता दर वेळी?"

भांडं विसळता विसळता म्हणाल्या, "नांग्या भरून राह्यली."

मी ओट्याला टेकून रडले.

दाखल्यात तसं लिहिलेलं नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्याच नव्या करारात एका हरवलेल्या मेंढरामागे जाणारा मेंढपाळ लिहिलेला आहे. त्यांनी सगळं एकत्र ऐकलं होतं. मी त्या दिवसापुरतं पान वाचून गेले होते.

तिथेच मी त्यांची माफी मागितली.

मावशींनी पदराला हात पुसले. "मले राग नोता वं माय. पन माफी चुलीपाशी कायले मांगतं? बोलली त सभेत."

त्यांनी रिकामा डबा पिशवीत ठेवला.

"कमलीले पाह्य. तवापासून तोंड नाई उघडत. तिले वाटते, आपन अडानी, देवाचं आपल्याले समजतच नाई. तिले सांग. साऱ्या बायाइले सांग."

"येत्या रविवारी सांगते," मी म्हणाले.

मी मंडळीत परतले. त्या रविवारी पाहुणे पास्टर आले होते. मग नाताळाची तयारी. मग माझ्या शाळेच्या परीक्षा. कारणं सगळी खरी होती. खरं कारण मात्र वेगळं होतं, मला लाज वाटत होती.

मागच्या आठवड्यात यवतमाळच्या दवाखान्यात भेटले. ऑक्सिजन लावलेला. मला पाहून त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"सांगितलं का?"

"या रविवारी नक्की."

"बरं," म्हणाल्या. रविवार उजाडायच्या आत गेल्या.

इथे फेसबुकवर लिहून मी मोकळी होणार नाही, हे मला कळतं. कमला फेसबुकवर नाही. म्हणून आज कबरीपाशी पास्टरांनी "कोणाला बोलायचं आहे का?" विचारलं, तेव्हा पुढे गेले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. चूक माझी होती, मावशींना समजत होतं, तुम्हा सगळ्यांना समजतं, असं म्हणाले.

मला वाटलं, फार उशीर झाला.

मग कमला पुढे आली. पदर चावत, खाली बघत.

"मी बोलू का मॅडम? ते मार्थेचं. येशू घरी आला, बहीन आयकत बसली, हे बिचारी एकटी रांधत होती. येशूनं तिले समजावलं. बरं केलं. पन मले वाट्टे, मंग तो भांडे घासू लागला असन."

माती देऊन उभ्या असलेल्या बायका हसल्या. रडता रडता हसल्या. पास्टरही.

मागून एक जण म्हणाली, "आता मी सांगतो थांबा." तिच्यानंतर अजून एक. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

मावशी, सांगितलं. तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

प्रभूजवळ निवांत राहा. येते.