भाकरी कुणाकुणाच्या

मोर्चा ठरू दे, घेराव ठरू दे, आक्काचा प्रश्न एकच असायचा. मिश्रीचं बोट दाताखालून काढायची आणि विचारायची, "ते झालं. भाकरी कुणाकुणाच्या?"

अशी माणसं तुम्हीही सभांमधून पाहिली असतील. आपण गळ्याच्या शिरा ताणून बोलत असतो आणि मागून कुणीतरी जेवणाचं विचारतं. मला राग यायचा. मी नुकताच कॉलेज सोडून गावी आलो होतो. सायक्लोस्टाईलच्या शाईनं बोटं काळी, डोक्यात पत्रकांची भाषा. गुलाम जनता साम्राज्याविरुद्ध का उठते, हे मी कुणालाही पाच मिनिटांत समजावून देत असे.

आमचं गाव पलूसच्या पूर्वेला, उसाचा हिरवा पट्टा संपून उघडा माळ लागतो तिथलं. आक्का गावातली, शेतकऱ्याच्या घरातली विधवा. मी गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. बेचाळीस साली ती नवी सून होती, आणि माळापलीकडच्या ओघळीत लपलेल्या भूमिगतांना भाकरी पोचवायचं काम तिच्याकडे होतं.

तिची पद्धत अशी. कुणा एका घरानं दहा भाकरी करायच्या नाहीत. दहा घरांनी एकेक जादा थापायची. ती पाटी घेऊन फिरायची आणि सगळ्या एकात एक मिसळून टाकायची.

"का म्हणून?" मी विचारलं.

"पाटी धरली तर घर सापडू ने. सापडलं तर समदं गाव सापडावं. समद्या गावाला कुठल्या तुरुंगात घालतोय त्यो गोरा?"

एकदा पाटी धरली गेलीच. हवालदार याच भागातला, भाकरी ओळखणारा. कुठली जाड, कुठली पातळ, एक ज्वारीची, एक बाजरीची, एक करपलेली. म्हणाला, "ह्या एका हाताच्या न्हाईत." आक्का म्हणाली, "आवं, नवी सून हाय मी. अजून हात बसायचाय. सासूबी रोज ह्येच म्हंती." हवालदारानं त्यातली पातळ भाकरी उचलून तिथंच खाल्ली आणि तिला जाऊ दिलं. "ती पातळ माझीच हुती बरं का," हे सांगायला ती कधीच विसरली नाही.

मी माझं पत्रक तिला वाचून दाखवलं. कच्चा माल, पक्का माल, शेतसारा, लूट. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आसंल बाबा. माझं भांडान त्याचं नव्हतं. फौजदारानं माझ्या सासऱ्याला चावडीम्होरं उन्हात हुबा केला. त्याचीच पायतानं त्याच्या डोईवर ठिवून. म्हातारा घरी आला, त्यो दोन दिस जेवला न्हाई. तवा मी पाटी उचलली."

ती हे सांगत होती आणि माझं डोकं तापत होतं. मी म्हणालो, "आक्का, माझा आजा रोज पायतानं हातात घेऊन त्याच चावडीपुढनं जायचा. त्याला कुठल्या फौजदारानं सांगितलं होतं?"

तिनं मिश्रीचं बोट पुन्हा दाताखाली घातलं.

"तुमच्या पाटीत आमच्या वस्तीतली किती घरं होती?"

"एकबी न्हाई."

"मागितली होती?"

"न्हाई. तुमची मिसळली असती तर आमच्या पोरांनी खाल्ली नसती."

"मग ती पोरं कुणाचं राज्य आणायला निघाली होती?"

आक्का उठून गेली. मला वाटलं, जिंकलो. माझ्या वयात बोलणं संपलं की जिंकल्यासारखंच वाटतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाच्या तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं, त्यावरच सगळ्यांची चूल. तालुक्याच्या साहेबानं हुकूम काढला, काम बंद, सगळ्यांनी आटपाडीकडच्या कामावर जायचं. म्हणजे घरंदारं, म्हातारी, गुरं टाकून जायचं. आम्ही तलावाच्या भरावावरच ठाण मांडलं. गावातल्या बायका एका बाजूला, वस्तीतल्या एका बाजूला, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. मी दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा बेतानं मधे उभा राहून एकजुटीवर भाषणं करीत होतो.

साहेब काही मूर्ख नव्हता. त्यानं ती मोकळी जागा बघितली आणि निरोप पाठवला: गावच्या लोकांना इथंच काम देतो, वस्तीनं तेवढं आटपाडीकडे जावं. गावच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. दोघी-चौघी तर पदर झटकून उठल्यासुद्धा. आता हे मोडतं, हे मला दिसत होतं, आणि त्यावर एकही पत्रक माझ्याजवळ नव्हतं.

आक्का रिकामी पाटी घेऊन उठली आणि ती मोकळी जागा ओलांडून सरळ वस्तीत गेली, मी मागोमाग. आमच्या दाराशी येऊन माझ्या आईला म्हणाली, "घरटी एक भाकरी द्या म्हनावं समद्यास्नी."

आई तिच्याकडे बघत राहिली. "आक्का, तुमी न्हेणार?"

"खानार."

आणि आमच्या दारातल्या दगडावर बसून तिनं अख्खी भाकरी मिरचीशी खाल्ली. घाई केली नाही. मग पाटी भरून भरावावर आली, गावच्या भाकरी त्यातच ओतल्या आणि हात घालून सगळं ढवळलं.

तिचा मुलगा पुढं आला. तिशीचा, सरळ माणूस, आईला कधी उलटून न बोललेला. म्हणाला, "आई, ह्ये केलंस तर घरात यायचं न्हाई."

"बरं. ह्यातली तुझ्या बायकूच्या हातची कुठली, तेवढी काढून दे. तीच खाती मी."

तो पाटीत बघत राहिला. त्या वर्षी सगळ्यांच्या चुलीवर रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, तेवढीच शिजत होती. सगळ्या भाकरी लाल, सगळ्या चिरलेल्या, सगळ्या हातांचं कसब त्या धान्यानं घालवलेलं. त्याला ओळखता आली नाही. कुणालाच आली नसती.

गावच्या निम्म्या बायका उठून गेल्या. हे मी लपवणार नाही, पत्रक लिहीत असतो तर लपवलं असतं. उरलेल्या बसल्या, पाटी फिरली. मधली जागा हळूहळू भरत गेली. साहेबाला आता कुणाला इथं ठेवायचं आणि कुणाला घालवायचं हे नुसतं बघून ठरवता येईना. तलावाचं काम चालू राहिलं, सगळ्यांसाठी.

मुलानंही शब्द पाळला. आक्काचं अंथरूण गोठ्यात गेलं, ताट-वाटी वेगळी झाली. मी पेटलो. रातोरात पत्रक लिहिलं, त्याच्या नावानिशी, आणि तिला वाचून दाखवायला गोठ्यात गेलो.

ती म्हणाली, "फाड."

"आक्का, ह्यो अन्याय हाय."

"हायच. पर गोऱ्याला हाकलता आलं, त्यो बोटीत बसून गेला. ह्यो कुठं जानार? ह्यो हितंच ऱ्हानार, तूबी हितंच ऱ्हानार. ह्याला हाकलायचा नसतोय रं. ह्याची वाट बगायची असती."

"किती दिवस?"

"मला काय म्हाईत? तू शिकल्याला हाईस."

दीड वर्ष ती गोठ्यात राहिली. संध्याकाळी मुलगा बैल बांधायला यायचा, ती त्याला दिवसभराचं बोलायची, तो हूं हूं करायचा. पायरीच्या आत मात्र त्यानं तिला घेतलं नाही. गोठ्यातच ती गेली.

तिचं दिवसकार्य झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी तो आमच्या दारात उभा. वस्तीत तो जन्मात पहिल्यांदा आला होता. माझ्याकडे न बघता त्यानं आईला विचारलं, "कुठं बसली हुती?"

आईनं दगड दाखवला. तो बसला नाही. दगडाशेजारी उभा राहिला. ऊन चढलं तरी उभाच. मी बोलायला तोंड उघडणार, तोच आईनं मला डोळ्यानं दटावलं. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि न बोलता दगडावर ठेवला.

बराच वेळ तो तांब्याकडे बघत होता. मग उचलला. वरूनच प्याला, ओठ न लावता. पण प्याला.