ग्रहणाचा वेध

नातवंडांनो, तुमच्या आईला सूर्यग्रहण बघायचं होतं, आणि ते तिला बघू द्यायचं नाही असं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं होतं. अड्याळच्या आमच्या घरात त्यांचाच शब्द चाले. मी इंग्रजीतून शिकलेली, म्हणून मी काहीही बोलले की त्या म्हणत, "तुह्या पुस्तकात असन ते." तुमच्यातला थोरला तेव्हा पोटात होता.

ग्रहण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी होतं. विज्ञानाचा प्रसार करणारी नागपूरची काही मंडळी बाजाराच्या मैदानावर दुर्बीण लावून पडद्यावर सूर्य दाखवणार होती. त्यांनी आधीच चौकात मोठा फलक लावला: 'चला, ग्रहणाचा वेध घेऊ या.' त्यांना म्हणायचं होतं, निरीक्षण करू या. पण आमच्या गावात ग्रहणाचा वेध म्हणजे ग्रहणाआधीचा काळ. चूल बंद, पाणी बंद, दार बंद. शब्द बदला, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. पलीकडचा हसून म्हणाला, मॅडम, शुद्ध मराठी आहे. त्याच्या शुद्धतेचा मला अजून राग येतो.

गावानं फलक वाचला आणि वेध पाळले. मी तुमच्या आईला चप्पल घालायला सांगितलं तेव्हा जाऊबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पोटुशीले बाहेर कायले नेतेस? तुह्या विज्ञानवाल्यायनंच लिहिलं ना, वेध घ्या म्हून. आता त्यायचंबी आयकनार नाही का?"

मी अर्थ समजावू लागले, तर इंग्रजी शिकलेलीनं मला मराठी शिकवू नये, म्हणाल्या. तुमच्या आईला मधल्या खोलीत निजवून त्यांनी खिडकी लावली आणि उंबऱ्यात बसल्या. मीही आत बसले. तिला त्यांच्या ताब्यात एकटी सोडायची माझी तयारी नव्हती. आम्ही दोघी जावा एकमेकींकडे न बघता बसलो होतो.

त्या खोलीवर कवेलू, म्हणजे कौलं, होते आणि माकडांनी ते हलवून ठेवले होते. फटींतून खाली नेहमी गोल कवडसे पडत. त्या दुपारी ते एका बाजूनं कुरतडल्यासारखे दिसू लागले, मग साऱ्यांच्या कोरी झाल्या. तुमची आई उठून बसली. मी तिला सांगितलं, कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र; वर सूर्याची कोर उरली की खालीही कोरच पडते.

जाऊबाईंनी कोरींवर चटई टाकली. कोरी चटईवर आल्या. घोंगडी टाकली, घोंगडीवर आल्या. एक कोर तुमच्या आईच्या पोटाकडे सरकली तेव्हा त्या मध्ये जाऊन ओणव्या झाल्या.

"मोठ्या आई," तुमची आई म्हणाली, "तुमच्या पाठीवर पडलं ग्रहण."

ग्रहण सुटेपर्यंत त्या तशाच राहिल्या. तुमच्या आईनं ते सगळं त्यांच्या लुगड्यावरच पाहिलं. उठल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"तूनंच आनलं ते छपरातून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कवेलू नीट बसवायला माणूस बोलावला.