आधी हात लावणारी

"लाव हात."

सरांनी बोटानं दाखवलं. मी अनवाणी पुढं झाले आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर पंजा टेकवला. काही झालं नाही.

"करंट न्हाई. या रं सगळे आत."

दाराशी थांबलेला सातवीचा अख्खा वर्ग आपल्या चपला बाहेर काढून, शाळेच्या रबरी सपाता घालून आत शिरला. मला सरांनी बाहेर काढलं. "तू चपला बघत बस."

रहिमतपूरजवळची आमची शाळा. नव्वदचं दशक संपत आलेलं. कुणीतरी देणगीत दिलेला एकच कॉम्प्युटर, आणि त्या खोलीचं अर्थिंग खराब. एकदा वैशालीच्या बोटाला मुंग्या आल्या. वैशाली म्हणजे पाटलांची मुलगी. दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत येऊन सरांवर ओरडून गेले. तेव्हापासून पोरांच्या सुरक्षेची व्यवस्था झाली. अर्थिंग तसंच राहिलं. व्यवस्था म्हणजे मी. बौद्धवाड्यातली, अनवाणी. अनवाणी पायालाच करंट खरा कळतो, असं सर म्हणायचे.

आणि मी एवढी शहाणी, की मला तो मान वाटायचा! घरी ऐटीत सांगायची, "आये, सर आधी मलाच बोलावत्यात."

खरं तर मी त्या समुद्रासाठी जायची. पडद्यावर समुद्राचा तळ होता. पोरं सांगायची, उंदीर, म्हणजे माउस, हलवला की आपण पाण्यातनं पुढं जातो, माशावर दाबलं की मासा नाव सांगतो. आमच्यातल्या कुणी कृष्णेपलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. हात टेकवून काढेपर्यंत जेवढं दिसेल तेवढा समुद्र माझा. मी पंजा जरा जास्त वेळ टेकवून ठेवायची. कसली हुशारी!

एका मंगळवारी त्या पत्र्यानं मला मागं फेकलं. जीभ दातांखाली आली. तोंडात रक्त.

"बरं झालं, आधी बघितलं," सर म्हणाले. मग वर्गाकडं वळून, "घाबरू नका रं. ह्यांची कातडी टणक असती."

वर्ग हसला. मीही हसले. आज लाज वाटते ती त्या हसण्याची. रक्त गिळत हसले मी.

घरी भाकरी चावता येईना. दिवसभर पाटलांच्या उसात भांगलून आलेल्या आईनं माझी जीभ बघितली. सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"पाटलाच्या पोरीला लावत्यात का कवा हात लावाया?"

"न्हाई."

"मग तुलाच का?"

मी वर्गात पाढे सगळ्यांत आधी म्हणणारी. याचं उत्तर मला येईना. म्हणजे, आलं. तोंडातनं काढवेना.

पुढचा मंगळवार. तोच दरवाजा, तोच वर्ग.

"लाव हात."

मी हात पाठीमागं बांधले. शूरबिर काही नव्हते मी, मला मुतायला लागली होती.

"सर, आधी तुमी लावा."

सर डब्याकडं बघत राहिले. त्यांच्या पायांत बूट होते. तरी हात पुढं आला नाही. मग तोच हात माझ्या गालावर आला. तिथं त्यांना भीती नव्हती.

खोलीला कुलूप लागलं. बाहेर वैशाली फणफणली, "तुझ्यामुळं आमचा तास गेला."

"व्हय. माझ्यामुळंच चालत हुता."

त्या वर्षी ते कुलूप उघडलं नाही. पडद्यावरच्या त्या समुद्राच्या तळाशी मी कधीच गेले नाही. माशांची नावं मला आजही येत नाहीत.

आता मी साताऱ्यात राहते. लेकीच्या शाळेत एका नव्या खोलीत डोळ्यांवर चढवायचे चष्मे आलेत. ते घातले की पोरं वर्गात बसून चंद्रावर चालतात म्हणे. पालकांच्या सभेत मी उठले आणि विचारलं, पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांवर चढवून बघणार? आणि चंद्रावर जाताना बाहेर चपला बघत कोण बसणार? लोक हसले. लेक खाली मान घालून बसली.

या वेळी मी हसले नाही. दोन्ही उत्तरं कागदावर, सहीनिशी मिळेपर्यंत मी ती खोली उघडू देणार नाही. हात पाठीमागं बांधून दारातच उभी राहणार आहे.