मिस्त्रींचं नाक

मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवे बसायचे, खिशातला पांढरा रुमाल काढून त्याची चौघडी करायचे आणि चालू गाडीच्या सायलेन्सरसमोर धरायचे. मनातल्या मनात दहा आकडे मोजून झाले की रुमाल नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सेन्सर बदलू नका. आधी त्याचं ऐका."

गाडीचा मालक तोवर सेन्सर बदलायची मनाची तयारी करूनच आलेला असे.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं गॅरेज होतं. मी काउंटरवर बसून जॉब कार्ड लिहायचो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. त्या देशात तेव्हा बाटलीतल्या पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त. अरब गिऱ्हाईक यायचं ते एसी गार करत नाही म्हणून. पठाण यायचा ते ट्रक जागचा हलत नाही म्हणून. गाडी गॅलनला पाच किलोमीटर कमी देते, एवढ्यासाठी अल ऐनहून वाळवंट ओलांडून येणारा माणूस फक्त आपला. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. येण्याजाण्यात किती पेट्रोल जळलं, हे त्यांना विचारायचं नसतं.

असाच एक जण आला होता. अल ऐनच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. मूळ सांगलीचा. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं त्याचा ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला होता आणि गाडी तरीही पेट्रोल ढोसत होती.

"तिसरा बसवा," तो म्हणाला. "चांगल्यातला."

"दादा, तुमच्या एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं तर तुम्ही मशीन बदलता का?" मिस्त्रींनी विचारलं.

त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं. मग ते पुन्हा चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरायला मला सांगितलं आणि स्वतः बॉनेटमध्ये कान घातला. फुस्स असा बारीक आवाज येत होता. धुराच्या नळीला सेन्सरच्या आधीच केसाएवढी चीर गेली होती.

"बघा," मिस्त्री म्हणाले, "इथून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर बिचारा सांगतो, धुरात हवा जास्त आहे. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो. यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. पण मार कुणाला? सेन्सरला."

मिस्त्री रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल केलेली. वीस वर्षं तिथं होते. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मला ते 'भाऊ' म्हणत, वयानं मी पंधरा वर्षांनी लहान असूनही.

त्यांचं गुपित मला कळलं ते सुकटीमुळे. त्यांच्या बायकोनं गावाकडच्या माणसाबरोबर सुकटीची चटणी पाठवली होती. दुपारी आम्ही जेवायला बसलो. त्यांनी डबा उघडला आणि आमच्या पत्र्याच्या ऑफिसातून दोन पेंटर ताटं घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसले. बाहेर पंचेचाळीस डिग्री होती. मिस्त्री मात्र शांतपणे भाकरीबरोबर ती चटणी खात होते.

"मिस्त्री," मी म्हटलं, "अहो, सडलीय ती."

त्यांचा हात थांबला. त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरंच?"

"तुम्हाला वास नाही येत?"

त्यांनी झाकण लावलं. त्या झाकणावर बोट फिरवत ते म्हणाले, "वर्ष झालं, भाऊ. पेट्रोल, धूर, अत्तर, सगळं एकच. म्हणजे काहीच नाही. घरी पण माहीत नाही. इथं कळलं तर खलास. बिननाकाच्या मिस्त्रीला कोण ठेवतो? दोन पोरींची लग्नं झाली, तिसरीचं बाकी आहे. तेवढं होऊ दे."

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. शब्द देताना मला फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

त्या दिवसापासून त्यांचं नाक मी झालो. ते रुमाल धरायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे, सगळं नाटक पूर्वीसारखंच. मग जॉब कार्ड दाखवायच्या निमित्तानं काउंटरवर यायचे आणि कार्डाखालून रुमाल सरकवायचे.

"तिखट, गोड, की कुजकं?" हळूच विचारायचे.

तिखट म्हणजे न जळलेलं पेट्रोल. गोड म्हणजे इंजिनात रेडिएटरचं पाणी शिरतंय. कुजकं, सडक्या अंड्यासारखं, म्हणजे सायलेन्सरमधली जाळी गेली. मी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'ति', 'गो' किंवा 'कु' लिहायचो. काहीच नसेल तर 'ठीक'. बाकी सगळं डोकं त्यांचं. पण हळूहळू मला वाटायला लागलं की गॅरेज माझ्या नाकावर चाललंय. गिऱ्हाईक मिस्त्रींचं कौतुक करायचं आणि मी काउंटरमागे लाजायचो.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

मग तो गुरुवार आला. दुबईला ऊद मेथामधल्या शाळेत माझ्या मुलीचं नाटक होतं. त्यात ती झाड झाली होती. "डॅडी, डोन्ट बी लेट, ओके?" असं तिनं सकाळी बजावलं होतं. मी निघायच्या घाईत होतो. मिस्त्रींनी एका गाडीच्या पेट्रोलच्या नळीचा सांधा काढून परत बसवला होता आणि त्यावरून रुमाल फिरवून आणला होता.

"भाऊ, एवढं बघा. मग जा."

मी माझ्या गाडीची किल्ली शोधत होतो. रुमाल माझ्या डाव्या हातात होता. तो मी नाकापर्यंत नेलाच नाही. कार्डावर लिहिलं, 'ठीक'.

मिस्त्रींनी कार्ड वाचलं आणि गाडी देऊन टाकली.

नाटकात झाडाला एकही वाक्य नव्हतं. तिकडे ती गाडी अजमानच्या रस्त्यावर धुरानं भरली. सांध्यातून ठिबकणारं पेट्रोल गरम इंजिनावर पडून पेटलं होतं. नवरा-बायको वेळेवर उतरले. कुणाला काही झालं नाही, बॉनेट तेवढं जळलं. हे वाक्य मी आजवर अनेकदा म्हटलंय, मुख्यतः स्वतःला.

शनिवारी मॅनेजरनं आम्हा दोघांना आत बोलावलं. नवीन होता, टाय लावायचा.

"गाडी चेक किसने की?"

"मिस्त्रीने," मी म्हणालो.

"पेट्रोल लीक हो रहा था. स्मेल नहीं आई उसको?"

इथं मी थांबायला हवं होतं. किंवा पुढं जाऊन सगळंच सांगायला हवं होतं. मी मधलं केलं.

"सर, उनको स्मेल नहीं आती," मी म्हणालो. "तीन साल से."

या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मॅनेजर मिस्त्रींकडे वळला. "सच है?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मीटरचा काटा बघावा तसे, नीट, न रागावता.

"सच है, साब."

"तो इतने दिन काम कैसे किया? कौन मदद करता था?"

"कोई नहीं. अंदाज से."

मी तिथंच उभा होतो.

मिस्त्रींचा व्हिसा महिन्याभरात कॅन्सल झाला. गॅरेजमध्ये बिघाड शोधणारा स्कॅनर आला आणि तो चालवायला प्रामाणिक माणूस हवा म्हणून मॅनेजरनं मला नेमलं. पगारही वाढवला. स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की मी सेन्सर बदलायचो. गाड्या परत यायच्या. मी पुन्हा बदलायचो. स्कॅनरवर कुणी रागावलं नाही.

मिस्त्री निघाले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना भेट द्यायचं ठरवलं. गावी जाणाऱ्याला आमच्याकडे अत्तर द्यायची पद्धत. निवडायचं काम माझ्याकडे आलं. तासभर दुकानात बसून मी मनगटापासून कोपरापर्यंत थेंब लावून घेतले आणि सगळ्यात सुंदर अत्तर निवडलं. कुणाला देतोय, हे डोक्यात आलंच नाही. आलं तेव्हा विमानतळाच्या वाटेवर होतो. माझ्या शेजारच्या सीटवर मिस्त्री होते आणि बाटलीची डबी त्यांच्या मांडीवर.

"भाऊ, ही गॅलनला किती देते हो?" त्यांनी माझ्या गाडीबद्दल विचारलं.

मी सांगितलं.

"कमी आहे." त्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, मान तिरकी केली. "पुढं डाव्या बाजूला टिक टिक होतंय. धुराच्या नळीचं गॅस्केट फुटलंय. तुमचं मशीन सेन्सर सांगेल. बदलू नका."

"मिस्त्री, त्या दिवशी मी रुमाल…"

"माहीत आहे. वास घेतलेला रुमाल तुम्ही घडी घालून द्यायचे. त्या दिवशी चुरगळलेला दिला." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी पण घाईत होतो. बघितलं, तरी गाडी दिली."

विमानतळावर मी त्यांचं सामान ट्रॉलीवर चढवलं. त्यांनी डबी उघडली, बाटलीचं बूच काढलं आणि मनगटावर एक थेंब लावला. मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले. रुमाल हुंगायचे अगदी तसेच.

"वा," ते म्हणाले. "बेस्ट."

मी खाली बघितलं.

मग त्यांनी तेच मनगट हळूच माझ्या नाकासमोर धरलं आणि आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं.

"भाऊ, कशाचं आहे? घरी विचारतील."

या वेळी मी नीट वास घेतला. घाई केली नाही.

"मोगरा," मी म्हणालो. "थोडं चंदनही आहे."

"मोगरा. चंदन." त्यांनी पाठ करावं तसं दोनदा म्हटलं, मान हलवली आणि ट्रॉली ढकलत दारातून आत गेले.